हात आणि दंडाचे जुनाट दुखणे : काम सुटत नाही, कळ थांबत नाही, तर नेमके काय करावे?

शिवणकाम, वडगाव (मूळ प्रश्न) :

सर्वांना नमस्कार. मी बेळगावातल्या वडगावात घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको आणि शाळांचे गणवेश ही माझी मुख्य कामे आहेत. गेल्या वर्षीच्या लग्नसराईपासून माझा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत दुखतो आहे. सुरुवातीला हे दुखणे केवळ कात्री चालवताना जाणवत असे. आता दुधाचे पातेले उचलताना, ओला टॉवेल पिळताना आणि कुलपात किल्ली फिरवतानाही कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. शिवाय रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकला की थोडे बरे वाटते.

आतापर्यंत गोळ्या झाल्या, तेलाची मालिश झाली, पावसाळ्यात कोपरात एक इंजेक्शनही झाले. इंजेक्शननंतर महिना-दीड महिना हात हलका झाला होता. मात्र दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि दुखणे पूर्वीपेक्षा अधिक जोराने परतले. एका दवाखान्यात मला शिवणकामच सोडून देण्यास सांगण्यात आले. घराचा निम्मा खर्च याच मशीनवर चालतो, त्यामुळे तो सल्ला मला पाळता येण्यासारखा नाही. दुखणे स्नायूचे आहे, नसेचे आहे की सांध्याचे, हे कसे ओळखावे आणि काम चालू ठेवून हात बरा होऊ शकतो का, हे मला जाणून घ्यायचे आहे. आपल्या भागात मागावर, फाउंड्रीत, तंबाखूच्या वखारीत आणि शेतात राबणाऱ्या अनेकांचे हात असेच दुखतात, म्हणून हा प्रश्न सर्वांसमोर मांडते आहे.

फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी :

ताई, तुम्ही फार नेमके लिहिले आहे आणि त्यावरून असे वाटते की तुमच्या हाताला एक नव्हे तर दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान पक्के होत नाही, हे आधी स्पष्ट करतो.

कोपराच्या बाहेरच्या बाजूची कळ ही ज्याला सर्वजण टेनिस एल्बो म्हणतात त्या प्रकारातली दिसते. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका कंडरेने जोडलेले असतात. आपण एखादी वस्तू घट्ट धरतो तेव्हा बोटे मिटतात, पण मनगट खाली वाकू नये म्हणून नेमके हेच स्नायू ताणून उभे राहतात. म्हणून कात्री, पातेले, टॉवेल आणि किल्ली या सर्व कामांत कळ एकाच जागी येते. हा आजार बहुधा ३५ ते ५५ या वयात होतो, आणि टेनिसशी त्याचा संबंध असलेले रुग्ण मला क्वचितच भेटतात. माझ्याकडे येणाऱ्यांत शिंपी, सुतार, गवंडी आणि घरात रोज भाकऱ्या थापणाऱ्या स्त्रियाच अधिक असतात.

रात्रीच्या मुंग्यांची गोष्ट वेगळी आहे. मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा यांमधून एक अरुंद वाट जाते. त्या वाटेतून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस जाते. तिथे दाब वाढला की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येतात. झोपेत आपण मनगट मुडपून घेतो, म्हणून त्रास रात्री वाढतो. याला कार्पल टनेलचा आजार म्हणतात. थायरॉइड मंदावलेले असणे, मधुमेह आणि गर्भारपण यांत तो अधिक आढळतो.

तपासणीला जाण्यापूर्वी सर्वांनीच एक गोष्ट करावी, अशी माझी विनंती आहे. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर हात ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढावी. जिथे कळ येते तिथे फुली मारावी, जिथे मुंग्या येतात तिथे ठिपके द्यावेत, आणि जिथे स्पर्श बोथट वाटतो तो भाग रेषांनी भरावा. आपल्या सीमाभागात रुग्ण मराठीत सांगतो, कागद इंग्रजीत असतो आणि तपासणारे डॉक्टर अनेकदा कन्नड बोलणारे असतात. या धावपळीत "हात दुखतो" एवढेच कागदावर उरते. ते चित्र समोर ठेवले की करंगळीची नस, अंगठ्याची नस आणि मानेतून आलेले दुखणे यांतला फरक डॉक्टरांना लगेच दिसतो.

विडी कामगाराची मुलगी, निपाणी :

माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. तिचे दुखणे कोपरात नव्हते, तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला होते. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला झुकवले की ती कळवळत असे. डॉक्टरांनी ते अंगठ्याच्या कंडरांच्या आवरणाचे दुखणे असल्याचे सांगितले, अंगठ्यासह मनगट धरून ठेवणारा पट्टा दिला आणि तो काही आठवडे वापरल्यावर आराम पडला. त्यासोबत आम्ही दोन गोष्टी बदलल्या. मांडीवरचे सूप उंच पाटावर ठेवले, जेणेकरून मनगट सतत वाकलेले राहू नये. आणि पाने कापण्याचे काम व वळण्याचे काम दिवसभर आलटून-पालटून ठेवले. पूर्वी ती सकाळी सगळी पाने कापून मग संध्याकाळपर्यंत सलग वळत असे. माझ्या मते पट्ट्याइतकाच या बदलाचा उपयोग झाला. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांनाही हेच दुखणे होते, असे तिथे समजले.

चर्मकाम, अथणी :

मी कोल्हापुरी चपला बनवतो. रापीने चामडे कापताना डावे कोपर पाटावर टेकवून बसण्याची आमची पद्धत आहे. मला करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात बधिरपणा येतो, आणि आता आरीचे बारीक काम करताना बोटांत जोर राहत नाही. ताईंच्या मुंग्या आणि माझ्या मुंग्या एकच समजाव्यात का?

फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी :

नाही दादा, या दोन वेगळ्या नसा आहेत. करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या आतल्या बाजूला अगदी कातडीखालून जाते. कोपर आपटल्यावर झिणझिणी येते ती हीच नस. कठीण पाटावर कोपर टेकवल्याने आणि कोपर बराच वेळ पूर्ण मुडपून ठेवल्याने तिच्यावर दाब येतो. पाटावर जाड स्पंजची गादी घाला, शक्य असेल तर कोपर टेकवणेच सोडा, आणि झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळा म्हणजे ते पूर्ण वाकणार नाही. मात्र बोटांतला जोर कमी होत असेल, तर केवळ या उपायांवर थांबू नका. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग दुसऱ्या हाताच्या तुलनेत खोलगट दिसत असेल, तर नसेची तपासणी लवकर करून घ्या, कारण झिजलेला स्नायू पुन्हा भरून येण्याची खात्री देता येत नाही.

निवृत्त डॉक्टर, खानापूर :

तपासण्या आणि औषधे यांबद्दल थोडे लिहितो. जुन्या दुखण्यात तपासण्यांची लांब यादी घेऊन येणारे रुग्ण मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या हाताला कोणीही नीट स्पर्श करून पाहिलेले नसते.

टेनिस एल्बोसाठी एमआरआयची गरज सहसा पडत नाही. युरिक ॲसिडची तपासणी सर्रास केली जाते. प्रत्यक्षात युरिक ॲसिडमुळे होणारे गाऊटचे दुखणे अचानक येते, सांधा लाल होऊन सुजतो आणि ते बहुधा पायाच्या अंगठ्यात सुरू होते. स्नायूंचे दुखणे महिनोन्‌महिने टिकले असेल, तर साखर, थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि ब-१२ या तपासण्यांना मात्र अर्थ आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ कमी होऊ शकते. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यानंतर दोन्ही बाजूंचे स्नायू दुखू लागले असतील, तर ते डॉक्टरांना सांगावे, परंतु गोळी परस्पर बंद करू नये. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे तासभर आखडलेले राहत असतील आणि सुजत असतील, तर ते संधिवाताचे लक्षण असू शकते. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे व दंड एकदम आखडले आणि सकाळी हात वर उचलणे कठीण झाले, तर ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. त्या आजारावर चांगले औषध आहे, पण त्याचे निदान अनेकदा वयाच्या नावाखाली राहून जाते.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल माझे मत ठाम आहे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या तीव्र दुखण्यात काही दिवसांसाठी ठीक आहेत. महिनोन्‌महिने रोज घेतल्या, तर जठराला व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडे खराब होऊ शकतात आणि रक्तदाब वाढू शकतो. कोपर किंवा मनगटासारख्या वरवरच्या जागी त्याच औषधाचे जेल लावणे अधिक सुरक्षित ठरते.

ताईंना जे इंजेक्शन दिले गेले ते बहुधा स्टेरॉइडचे असावे. कोपराच्या या आजारात त्याने पहिले सहा आठवडे चांगले वाटते. पण वर्षभराचा हिशेब मांडला, तर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा इंजेक्शन घेणाऱ्यांचे दुखणे अधिक वेळा परतते, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे ताईंच्या बाबतीत जे घडले ते अपवादात्मक नाही. पुन्हा पुन्हा तेच इंजेक्शन घेऊ नये, असे मी सुचवेन. कार्पल टनेलच्या जागी एखादे इंजेक्शन मात्र उपयोगी पडू शकते, म्हणून दोन्हींना एकच नियम लावू नये.

काही लक्षणांत घरी थांबणे धोक्याचे आहे. हात जड होऊन छातीत दाब, घाम किंवा धाप आली, तर १०८ वर फोन करावा. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर साडेचार तासांच्या आत मोठ्या रुग्णालयात उपचार सुरू होणे महत्त्वाचे असते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांनी तर अर्धा तासही वाया घालवू नये. मान दुखत असताना दोन्ही हातांनी शर्टाची बटणे लावणे अवघड होऊ लागले आणि चालताना तोल जाऊ लागला, तर मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो. संपूर्ण हात एकाएकी सुजून निळसर झाला, तर तेही तातडीचेच समजावे.

फाउंड्री कामगार, मच्छे :

मी कास्टिंगच्या फेटलिंगवर, म्हणजे ओतीव भागांच्या कडा घासून साफ करण्याच्या कामावर आहे आणि दिवसभर ग्राइंडर हातात असतो. हिवाळ्यात पहाटेच्या पाळीला मोटारसायकलने निघालो की माझी दोन बोटे पांढरीफटक पडतात, काही वेळाने निळसर होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकतात. हाताची पकडही सैल झाली आहे. सोबतचे लोक थंडीमुळे होते असे म्हणतात.

निवृत्त डॉक्टर, खानापूर :

थंडी हे निमित्त असते, मूळ कारण बहुधा ग्राइंडरचे कंपन आहे. कंपनामुळे बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही बिघडतात. हा आजार सुरुवातीच्या टप्प्यात कंपन कमी केले तरच आटोक्यात राहतो, त्यामुळे याची दखल आत्ताच घ्या. झिजलेली किंवा असंतुलित ग्राइंडिंग चाके वेळेवर बदलून घेणे, यंत्र गरजेपेक्षा घट्ट न आवळणे, सलग काम न करता मध्ये दुसरे काम घेणे, हात उबदार व कोरडे ठेवणे आणि तंबाखू-विडी सोडणे, हे उपाय आहेत. ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) दवाखान्यात गेलात, तर आपण रोज किती तास आणि कोणते यंत्र वापरता, हे डॉक्टरांना कागदावर लिहून घ्यायला सांगा. पुढे काम बदलून मागण्याची वेळ आली, तर त्या नोंदीचा आधार राहतो.

शिवणकाम, वडगाव :

सर्वांचे मनापासून आभार. मी हाताचे चित्र काढले. फुली कोपराच्या बाहेरच्या हाडावर आणि त्याखाली चार बोटांपर्यंत आली; ठिपके अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावर आले; करंगळीवर काहीही आले नाही. थायरॉइडची गोळी मी घेते, परंतु तपासणी करून बराच काळ झाला आहे, ती आता करून घेईन. माझा मुख्य प्रश्न अजून शिल्लक आहे. हाताला पूर्ण विश्रांती द्यावी की व्यायाम करावा? मध्यंतरी माहेरी गेले होते तेव्हा हात बरा वाटला, आणि मशीनवर बसल्याबरोबर पहिल्यासारखा झाला.

फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी :

ताई, तुमच्या प्रश्नात उत्तर दडलेले आहे. विश्रांतीने कळ शमते, पण कंडरेची ताकद वाढत नाही. उलट ती आणखी घटते, आणि मग जुनेच काम तिला जड जाते. म्हणून आधी ओझे सोसवेल इतके कमी करायचे आणि मग ते हळूहळू वाढवायचे, हाच या आजाराचा खरा उपचार आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही.

खुर्चीवर बसून पुढचा हात टेबलावर ठेवा, तळवा जमिनीकडे आणि मनगट टेबलाच्या कडेबाहेर असू द्या. डाव्या हाताचा तळवा उजव्या हाताच्या पाठीवर ठेवा. आता उजवा हात वर उचलण्याचा प्रयत्न करा आणि डाव्या हाताने त्याला हलू देऊ नका. जोर लावायचा, पण हालचाल होऊ द्यायची नाही. तीस ते पंचेचाळीस सेकंद हा जोर टिकवा, एक-दोन मिनिटे थांबा आणि असे चार-पाच वेळा करा. पहिले दोन-तीन आठवडे एवढेच पुरे. पुढे अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली उजव्या हातात धरा, डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर न्या आणि मग केवळ उजव्या हाताने बाटली सावकाश, मनात पाचपर्यंत मोजत, खाली सोडा. दहा-पंधरा वेळा झाले की थांबा. असे तीन फेरे एक दिवसाआड करा. सोपे वाटू लागले की एक लिटरची बाटली घ्या.

व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. दहापैकी तीन-चारपर्यंतचे दुखणे स्वीकारावे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी हात आदल्या दिवसापेक्षा अधिक ठणकत असेल, तर ओझे जास्त झाले असे समजून एक पायरी खाली यावे. याला तीन महिने द्यावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात बरेच रुग्ण फरक नाही म्हणून सोडून देतात, आणि याचे मला दरवेळी वाईट वाटते, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांचा हात बरा होण्यासारखा असतो.

आता कामाबद्दल. तुमचे दुखणे सुरुवातीला कात्री चालवतानाच जाणवत असे, असे तुम्ही लिहिले आहे. कात्रीला धार लावून घ्या. बोथट कात्रीला अधिक जोर लागतो. गणवेशाचे कापड एका वेळी अनेक थर घालून कापत असाल, तर थर कमी करा. जमिनीवर बसून कापण्याऐवजी कमरेच्या उंचीच्या टेबलावर कापा, म्हणजे कोपर अंगाजवळ राहील. सगळे कापणे एका दिवशी आणि सगळे शिवणे दुसऱ्या दिवशी, असे न करता दोन्ही मिसळा. काज-बटणाचे काम दिवसाच्या शेवटी ढीग लावून करू नका. पातेले उचलताना तळवा वर ठेवा आणि दोन्ही हात लावा, कारण तळवा खाली असताना सारा ताण त्याच कंडरेवर येतो. ऑर्डरींच्या मोसमाआधी दोन महिने व्यायाम सुरू असेल, तर मोसम पुष्कळ सुसह्य जातो.

यंत्रमाग, शहापूर :

आमच्याकडे मागाच्या आवाजात आणि कांड्या बदलण्याच्या घाईत हात दुखणे हे कोणी आजार मानतच नाही. बहुतेक जण हाडवैद्याकडे जातात किंवा बाजारात मिळणाऱ्या पुड्या घेतात. एका पुडीने दोन दिवसांत हात मोकळा होतो, हे मी स्वतः पाहिले आहे. अशा पुड्या घेणे योग्य आहे का?

निवृत्त डॉक्टर, खानापूर :

ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत आणि जिने दोन दिवसांत जुने दुखणे थांबते, तिच्यात स्टेरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक मिसळलेले असण्याची शक्यता मोठी असते. महिनोन्‌महिने घेतल्यास चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, दंड-मांड्यांचे स्नायू अशक्त होतात. ती बरेच दिवस घेतली असेल, तर अचानक बंद करणेही धोक्याचे असते. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या सल्ल्याने कमी करावी. हलक्या हाताने तेल चोळून घेण्याला माझा विरोध नाही, त्याने बरे वाटते. मात्र मानेला झटका देणे आणि दुखऱ्या कोपरावर जोराने दाबणे या गोष्टी करून घेऊ नयेत.

शेती, खानापूर तालुका :

माझ्या सासूबाईंचे दोन्ही हात, खांदे, पाठ आणि मांड्या असे सर्वच दुखते. रोप लागवडीनंतर सुरू झाले ते थांबलेच नाही. सर्व तपासण्या व्यवस्थित आल्या, त्यामुळे घरातले लोक त्यांना काही झालेलेच नाही असे म्हणू लागले आहेत. त्यांना रात्री झोप लागत नाही.

फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी :

अहवाल व्यवस्थित आले म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, हे घरातल्यांना कृपया सांगा. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यात कधी कधी मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होते आणि साधा स्पर्श किंवा साधे कामही दुखू लागते. अशा वेळी केवळ हातावर उपचार करून भागत नाही. झोप सुधारणे, रोज सोसवेल इतके चालणे, मन खचले असेल तर त्यावर मदत घेणे आणि डॉक्टरांना योग्य वाटल्यास रात्रीची कमी मात्रेची औषधे घेणे, असा एकत्र विचार करावा लागतो. त्यांना बऱ्या वाटणाऱ्या दिवशी सगळे काम उरकू देऊ नका. त्या दिवशीही नेहमीइतकेच काम असावे, म्हणजे पुढचे चार दिवस अंथरुणात जाणार नाहीत.

शिवणकाम, वडगाव :

आजपासून व्यायाम सुरू करते. रात्रीच्या मुंग्यांसाठी मनगटाचा पट्टा औषधाच्या दुकानातून आणला आहे. तो किती घट्ट बांधावा आणि किती दिवस वापरावा?

फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी :

पट्ट्यातली धातूची पट्टी आधी बाहेर काढून पाहा. बाजारातल्या अनेक पट्ट्यांत ती मनगट वर उचलले जाईल अशी वाकवलेली असते. ती हाताने दाबून जवळजवळ सरळ करा, कारण मनगट सरळ असताना नसेवरचा दाब सर्वांत कमी असतो. पट्ट्याखाली एक बोट सहज जाईल इतकाच तो आवळा. तो फक्त झोपताना वापरा आणि किमान सहा आठवडे नियमित वापरा. शिवताना तो घालू नका, कारण त्याविरुद्ध जोर लावून काम केल्याने कोपराचे दुखणे वाढेल. सहा आठवड्यांनंतरही रात्रीची जाग येत राहिली, दिवसाही बोटे बधिर राहू लागली किंवा सुई हातातून निसटू लागली, तर नसेची विद्युत तपासणी करून हाताच्या शल्यचिकित्सकांना दाखवा. थायरॉइडचा अहवाल आला की इथे कळवा, म्हणजे पुढचे डॉक्टरसाहेबांना विचारता येईल.